पूर्णेचा जवाब

निवृत्ती खिल्लारे मानवतच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते, त्या वर्षांत प्रवाशांना गाडी चुकण्याची फारशी भीती नव्हती. भीती होती ती माइकवरून स्वतःचे नाव ऐकू येण्याची. पाथरी, सेलू, परभणी, गंगाखेड ही नावे ते एका सुरात, घाई न करता घेत. त्याच सुरात मधेच सांगत की जोगदंड मास्तर नवी कॅसेट घेऊन फलाट तीनवर उभे आहेत, प्रवाशांनी त्यांच्यापासून आपापले कान सांभाळावेत.

जोगदंड मास्तरांचा गुन्हा एवढाच होता की नव्या कव्वालांचा आवाज स्वच्छ येतो आणि जुन्या रेकॉर्डीत निम्मी खरखरच असते, असे ते हॉटेलात चारचौघांत बोलले होते. खिल्लाऱ्यांनी ही घोषणा महिनाभर चालवली. मास्तर शेवटी स्टँडवर येईनासे झाले, पुढच्या नाक्यावर जाऊन हात करून गाडी थांबवू लागले. खिल्लाऱ्यांनी ड्रायव्हरांना नाक्यावर न थांबण्याचे सांगून ठेवले.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकाचा मानवतचा वार्ताहर होतो. तारेने पाठवावी इतकी महत्त्वाची बातमी आमच्याकडे क्वचित घडे. कागद पाकिटात घालायचे आणि पाकीट कंट्रोलरकडे द्यायचे. तो ते औरंगाबादच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देई, तिकडे दैनिकाचा माणूस उतरवून घेई. खिल्लाऱ्यांच्या हातून माझे एकही पाकीट हरवले नाही. पाकीट घेतले की ते तळहातावर तोलत आणि आत काय आहे ते सांगत. "जड हाय. अपघात." किंवा, "हलकं हाय. सत्कार झाला का कुणाचा?" बहुतेक वेळा बरोबर असे.

उंची बेताची, खाकी सदऱ्याचे वरचे बटण लावलेले, खिशात दोन पेने. चहा बशीत ओतून पीत नसत. बशीत चहा ओतणारा माणूस यमक धरू शकत नाही, असे त्यांचे मत होते. असली मते त्यांच्याकडे भरपूर होती आणि ती ते कायद्यासारखी सांगत.

कव्वालीचा मुकाबला हा त्यांचा विषय. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एक पार्टी सवाल टाकते. दुसरीने त्याच चालीत, त्याच यमकात, तिथल्या तिथे जवाब द्यायचा. जयंतीला, उरुसाला असे मुकाबले होत आणि ऊन वर येईपर्यंत माणसे उठत नसत. पुढे त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, आणि ऐंशीनंतर कॅसेटी आल्या. कॅसेटी आल्यावर गावात दोन तट पडले, आणि त्यांची भांडणे आमच्याकडच्या निवडणुकीपेक्षा जास्त मनापासून होत.

खिल्लाऱ्यांकडे एकेकाळी रेकॉर्डींची ट्रंक भरून होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर त्यांच्या गावातली वस्ती जळाली, त्यात ती ट्रंकही होती. अकरा रेकॉर्डी वाचल्या, त्यांतल्या चार वाकलेल्या. वाकलेली रेकॉर्ड लावली की आवाज वरखाली हेलकावे खाई. का वाकल्या, असे कुणी विचारले तर ते म्हणत, "उन्हानं." ते पावसाळ्याचे दिवस होते हे विचारणाऱ्यालाही माहीत असे.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान गाड्या कमी. त्या वेळात स्टँडच्या फाटकाबाहेर कासीमभाईंच्या हॉटेलात बैठक बसे. आतल्या बाकांवर जुन्यांचे लोक, दाराजवळ नव्यांचे. समोरच रफिकचे कॅसेटींचे दुकान, तिथून नव्यांना रसद येई. खिल्लारे स्वतः रेकॉर्ड लावत. सवाल संपला की सुई उचलत आणि कुणाकडे तरी बोट दाखवत. त्याने पुढचा जवाब म्हणायचा. आला तर सुई खाली. नाही आला तर त्या दिवशी त्या माणसाला बोलण्याचा हक्क नाही; त्याने फक्त चहा प्यायचा. हा नियम सगळे पाळत, तालुक्याचे पुढारीसुद्धा.

नव्या कॅसेटींवरचा त्यांचा आक्षेप आवाजाचा नव्हता. मुंबईच्या स्टुडिओत एकच माणूस सवालही लिहितो आणि जवाबही, हे त्यांना सहन होत नसे. "कुस्ती हाय का ती?" ते म्हणत. "आरशापुढं दंड थोपटायलेत."

दाराजवळचा रफिक यावर म्हणे, "साहेब, तुमच्या रेकॉर्डीत तरी काय फर्क? त्याबी कंपनीनंच काढल्या की."

"रेकॉर्डीत उष्टं हाय. जेवण आमी केलंय."

जेवण म्हणजे पूर्णा. पूर्णा गावाला रेल्वेच्या मैदानावर त्यांच्या तरुणपणी एक मुकाबला झाला होता. एकीकडे अब्बासबाबा, खिल्लाऱ्यांचे दैवत. दुसरीकडे नांदेडची एका बाईची पार्टी. शेवटचा सवाल बाईने टाकला, तो मानवतमध्ये सगळ्यांना पाठ होता, कारण खिल्लारे तो बाजाराच्या प्रत्येक दिवशी म्हणत:

दोन तीरांचा तंटा चाले, गोदा वाहे मधून,
पाणी कुणाचं, सांग शायरा, सांग उभं राहून.

बाबांनी उभे राहून जवाब दिला, मैदान उठले, बाईने स्वतःची शाल बाबांच्या पायावर ठेवली, असे खिल्लारे सांगत. जवाब काय होता, ते मात्र सांगत नसत. त्याची रेकॉर्ड निघाली नव्हती. फार आग्रह झाला तर म्हणत, "ज्यानं ऐकला त्यानं ऐकला. माझ्या तोंडून त्यो खराब व्हील."

सुदाम ढवळे आतल्या बाकावरचा माणूस. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा, लग्न झालेले, तिशीचा. दहा वर्षे तो खिल्लाऱ्यांच्या मागे बसून ऐकत आला होता आणि सुई उचलल्यावर कधी अडला नव्हता. गळा चांगला होता. रफिकने त्याला औरंगाबादला नेऊन त्याची एक कॅसेट काढली. कॅसेटच्या सुरुवातीला सुदामने बोलून सांगितले होते की मी जो काही आहे तो मानवतच्या खिल्लारे काकांच्या रेकॉर्डींमुळे आहे.

ती कॅसेट आणि पेढे घेऊन तो बाजाराच्या दिवशी हॉटेलात आला. बायकोही आली होती, ती बाहेर ओट्यावर बसली. हॉटेलात साठ-सत्तर माणसे होती. खिल्लाऱ्यांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि टेप चालू केला. स्वतःचे नाव ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. पहिला सवाल संपताच त्यांनी टेप बंद केला.

"ह्याचा जवाब कुणी लिवला?"

"म्या," सुदाम म्हणाला.

"आन सवाल?"

"त्योबी म्याच," सुदाम पेढ्यांचा पुडा मिटत म्हणाला.

"मग त्यो र्‍हाऊ दे. दुसरा देतो." त्यांनी पूर्णेचा सवाल म्हटला, दोन्ही ओळी, सावकाश. "बाबांनी उभं राहून दिला. तू दे. सेलूची गाडी लागायला बारा मिनिटं हायत. तवर थांबतो."

सुदाम उभा राहिला. त्याने दोनदा सुरुवात केली. एकदा 'गोदा' म्हणाला, एकदा 'पाणी' म्हणाला, आणि थांबला. हसायला लागलेल्यांना खिल्लाऱ्यांनी हाताने गप्प केले. सुदामवर दया म्हणून नाही, शांतता पुरी व्हावी म्हणून. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. कासीमभाईंनी स्टोव्ह बारीक केला. मी तिथे होतो. बारा मिनिटे हा फार मोठा वेळ आहे. सातव्या-आठव्या मिनिटाला सुदामची बायको दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघून परत ओट्यावर गेली.

वेळ झाल्यावर खिल्लाऱ्यांनी घड्याळ बांधले. "पेढे चांगले व्हते," असे म्हणून ते स्टँडवर गेले. दोन मिनिटांनी माइक सुरू झाला. सेलूच्या गाडीनंतर, त्याच सुरात, त्यांनी सांगितले की जवाब देणारे कव्वाल सुदाम ढवळे यांना बसायला जागा द्यावी, ते फार वेळ उभे होते.

त्या वर्षी जयंतीच्या कमिट्यांनी सुदामला बोलावले नाही. नाव निघाले की कुणीतरी म्हणे, कोण, बारा मिनिटवाला का? जिनिंगमध्येही त्याला तेच नाव पडले. तो बैठकीला यायचा बंद झाला. खिल्लाऱ्यांना याबद्दल मी एकदा विचारले. ते म्हणाले, "गळा हाय. आत कायी न्हाई." आणि माझे पाकीट तोलून म्हणाले, "ग्रामपंचायत."

सुमारे दहा महिन्यांनी रफिक बाजाराच्या दिवशी एक मोठा टेप घेऊन हॉटेलात आला. म्हणाला की पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडे टेपचे जुने स्पूल सापडले, त्यावरून त्याने कॅसेटवर उतरवून घेतले आहे. काय आहे ते त्याने सांगितले नाही. टेप लावला. आधी बराच वेळ खरखर. मग पेटी, ढोलकी, आणि एका बाईच्या आवाजात पूर्णेचा सवाल. हॉटेलातली सगळी बोलणी थांबली. मग पुरुषाचा आवाज आला, दूरचा, घासलेला:

ज्याची ओंजळ मागं सारली दगड मारून मारून,
पाणी त्याचं, विचार गोदेला, ती सांगंल थांबून.

ते कडवे तीनदा झाले. तिसऱ्यांदा टाळ्या होत्या. रफिकने टेप थांबवला आणि सगळे खिल्लाऱ्यांकडे बघू लागले. जुन्यांचा सगळा कारभार त्यांच्या एका शब्दावर होता. ते मान खाली घालून बसले होते. पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा ऐकले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"हाच," ते म्हणाले.

"नक्की ना, साहेब?" रफिकने विचारले.

"हाच त्यो. आता ऐका म्हणावं नव्यांना. हे बसून लिवलेलं न्हाई."

रफिक दाराकडे वळला. दारात सुदाम उभा होता. तो आत आला, खिल्लाऱ्यांच्या समोर उभा राहिला आणि तेच कडवे त्याच आवाजात म्हणाला. मग दुसरे म्हणाला, जे टेपवर नव्हते. खरखर कशी केली तेही रफिकने सांगितले: घासलेल्या रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या भागावर सुई फिरत ठेवायची आणि शेजारी बसून गायचे. बाईचा सवाल सुदामच्या बायकोने म्हटला होता.

लोक हसले नाहीत, निदान लगेच नाही. सुदामने हसवले. त्याने स्वतःचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले.

"काका, पाथरीची गाडी लागायला किती मिनिटं हायत?"

मग हॉटेल फुटले. आतल्या बाकांवरचे लोक सगळ्यात जास्त हसले. त्यांना कितीतरी वर्षे नुसता चहा प्यावा लागला होता. दाराजवळचे जोगदंड मास्तर तर बाकावर उभे राहिले. खिल्लाऱ्यांनी टोपी घातली. घड्याळाकडे पाहिले. पाथरीची गाडी यायला नऊ मिनिटे होती आणि ती नऊही मिनिटे ते बसून राहिले. कुणी त्यांना माइकवरून बोलावणार नव्हते. माइक त्यांचाच होता. नंतर ते उठून गेले आणि पाथरीची गाडी पुकारली. आवाजात फरक नव्हता.

मी ती बातमी केली. सहा ओळी. गावातल्या जाणकाराची फसगत, नव्या गायकाने दिलेले उत्तर, एवढेच. संध्याकाळी पाकीट घेऊन स्टँडवर गेलो. दुसऱ्या कुणाकडे देण्याची सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर मी ती शोधलीही नाही.

त्यांनी पाकीट तळहातावर घेतले. "हलकं हाय," म्हणाले. "माझं हाय का?"

मी हो म्हटले.

"किती वळी?"

"सहा."

ते पाकीट हातात धरूनच बोलले. औरंगाबादची गाडी समोर लागली होती, माणसे चढत होती.

"पैल्या शब्दालाच वळखला म्या त्याला. 'ज'वर घसा घासतो त्याचा. दहा वर्सं मागं बसून गुणगुणायचा, मला कळायचं न्हाई?"

मग हाच म्हणून का सांगितले, असे मी विचारले.

"पूर्णेला मी व्हतो. जवाब झालाच न्हाई. बाबा उठलेच न्हाईत. पेटीवाल्यानं चार येळा पट्टी धरली. ऊन पडलं. माणसं चपला हुडकायला लागली. बाई उठून स्वतः बाबांना म्हणाली, बाबा, चला." त्यांनी गाडीच्या पाटीकडे पाहिले. "तवापासून म्या सांगायलाव की झाला. आज ऐकला. त्या सवालाला त्योच लागतो. बाबांना त्यो मिळाया पायजे व्हता."

"सुदामला हे सांगाल?"

"कशाला?"

"मी लिहू?"

"एकट्याच्या सांगण्यावर तुमी लिवत न्हाईत. तुमीच म्हणता न्हवं."

ते खरे होते. फजिती झाल्यावर माणूस अशी गोष्ट रचूही शकतो, हे मला त्या वेळी वाटले आणि अजून वाटते. पुढे एकदा पूर्णेला काम निघाले तेव्हा मी दोन जुन्या रेल्वेवाल्यांना विचारले. एकाने सांगितले की बाबांनी जवाब दिला होता आणि मैदान उठले होते. हे त्याने कुठे ऐकले, तर मानवतच्या स्टँडवर. दुसऱ्याला मुकाबलाच आठवत नव्हता. मी काही लिहिले नाही.

त्यांनी पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिले आणि नेहमीसारखे सांगितले, "प्रेसचं हाय, भिजू दिऊ नको." पाकीट पोहोचले. सहा ओळी मात्र छापून आल्या नाहीत. त्या दिवशी नामांतराच्या मोर्चाच्या बातम्यांनी आतले पान भरले होते.

छापून न आल्याचा परिणाम मला नंतर कळला. सुदामला त्या वर्षी जयंतीची तीन बोलावणी आली. पण मानवतच्या बाहेर त्याच्या नावाची कॅसेट कुणी घेईना. रफिकने तो खरखरीचा टेप एका कंपनीला ऐकवला. कंपनीला तो आवडला, पण खरखरीसकट आणि बाबांच्या नावाने. जुने, दुर्मिळ, पूर्णेचा हरवलेला जवाब. पुढची कॅसेट सुदामच्या नावाने काढू, असे कबूल करून त्यांनी त्याची सही घेतली. पहिली इतकी खपली की दुसरी काढण्याची त्यांना गरज पडली नाही. नांदेडपासून जालन्यापर्यंत हॉटेलाहॉटेलांत बाबांचा जवाब वाजू लागला. आपण गायलो असे सुदाम सांगू लागला तर लोक विचारत, तू तेव्हा जन्मला होतास का? सांगायला पुरावा असा काही नव्हता. साठ-सत्तर माणसांनी पाहिले होते, त्यांतले निम्मे अशा वेळी बारा मिनिटांचीच गोष्ट सांगत.

खिल्लाऱ्यांची बदली जोगदंड मास्तरांच्या लेखी तक्रारीवरून झाली. माइकचा गैरवापर. त्यांना राणीसावरगावला टाकले. तिथे स्टँड म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल आणि रजिस्टर. माइक नव्हता.

विद्यापीठाला नाव मिळाले त्या महिन्यात मी गावोगावच्या प्रतिक्रिया घेत फिरत होतो. राणीसावरगावला उतरलो तर ते शेडमध्ये बसले होते. केस पांढरे झालेले, सदऱ्याचे वरचे बटण लावलेले. मी प्रतिक्रिया विचारली. जुने नाव कायम ठेवून नवे त्याला जोडले होते, ते त्यांनी पेपरात वाचले होते.

"सवाल सोळा वर्सांचा," ते म्हणाले, "जवाब अर्धा." मग म्हणाले, "लिवू नका. नोकरी दोन वर्सं र्‍हायलीय."

शेडला लागून चहाचे दुकान होते. तिथे बाबांचा जवाब वाजत होता, खरखरीसकट. बाकावर गावातली दोन तरुण मुले वाद घालत होती, एक जुन्यांच्या बाजूने, एक नव्यांच्या. दुसऱ्या बाकावर पेटीचा खोका पायाशी घेऊन सुदाम ढवळे बसला होता. जवळच्या एका गावात नामकरणाच्या जेवणावळीत गाऊन तो परत निघाला होता. अंगाने सुकला होता. त्याने मला ओळखले, मान हलवली. मुलांना तो कोण ते माहीत नव्हते.

वाद मिटेना तेव्हा जुन्यांच्या बाजूचा मुलगा शेडकडे वळून म्हणाला, "काका, तुमी जुने हाव. तुमीच सांगा. असा जवाब आताच्या कुणाला जमंल का?"

खिल्लाऱ्यांनी सुदामकडे पाहिले. सुदाम त्यांच्याकडेच बघत होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला. गंगाखेडच्या गाडीला अजून वेळ होता, आणि तो सगळा वेळ खिल्लाऱ्यांनी घेतला. टेपवर कडवे तिसऱ्यांदा झाले, टाळ्या झाल्या.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई जमायचं. त्यो माणूसच येगळा व्हता."

मुलगा दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून हसला. सुदामने खोका उचलून मांडीवर घेतला. मग रस्त्याच्या वळणावर गाडी दिसली. खिल्लाऱ्यांनी रजिस्टर मिटले, ते शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून वाटेतल्या गावांची नावे एकेक करून ओरडू लागले.